आजीला आधी विचार

लंडन, रविवार रात्र

प्रिय आई, बाबा आणि आजी,

सप्रेम जय भीम.

व्हिडिओ कॉलवर हे सगळं बोलणं होतच नाही, आजीला नीट ऐकू येत नाही, बाबा रेंजसाठी फोन घेऊन गच्चीवर जातात आणि दादा मधेच येऊन विचारतो जेवली का, म्हणून शेवटी लिहायलाच बसली. लांब होणार आहे. आई, तू आधी एकटी वाच, मग आजीला वाचून दाखव. एखादी गोष्ट तिला सांगू नये असं वाटलं तरी गाळू नको, थोडी हळू सांग फक्त.

मी बरी आहे. दुपारी चार वाजताच अंधार पडायला लागतो इथे, त्याची अजून सवय झाली नाही. सांबार, म्हणजे कोथिंबीर, मिळतो जुडीनं पण त्याला वासच नाही, पोह्यावर टाकला तरी टाकल्यासारखं वाटत नाही. स्कॉलरशिपचा हप्ता आला, बाबांनी काळजी करू नये.

आता मुद्द्याचं. माझा फोटोग्राफीच्या कोर्सचा शेवटचा प्रोजेक्ट ठरवायचा आहे. मागच्या मंगळवारी मॅडमसोबत मीटिंग होती, त्यांनी विचारलं नागपुरात काय करणार, तर मी मोबाइलमधले फोटो दाखवत होती, घराचे, विहाराचे, आजीचे, आणि त्यातच भांडेवाडीचे तीन-चार होते, मागच्या उन्हाळ्यात दादासोबत गेली होती ना तेव्हाचे, कचऱ्याचे डोंगर, धूर, वर पक्षी आणि खाली पोतं घेऊन वाकलेल्या बाया. मॅडम तिथेच थांबल्या. म्हणाल्या हे करा, हे फार स्ट्राँग आहे. चांगल्या आहेत त्या, मनापासून शिकवतात, वाईट हेतूनं बोलल्या नाहीत. पण माझ्या तोंडून हो निघालं नाही, आणि नाही म्हणायला कारणही सांगता आलं नाही. त्या फोटोतल्या एका बाईची पाठ मी ओळखते ना आई, तुलाही माहीत आहे कोण ती, आणि तिनं तेव्हा मुद्दाम पाठ केली होती माझ्याकडे. ते मॅडमना कसं सांगू? त्यांना पाठ दिसली, मला तिनं फिरवलेलं तोंड दिसून राहिलं होतं.

त्या दिवसापासून मी ब्रिटिश लायब्ररीत जाऊन बसते. तिथे चार खंडांचं एक पुस्तक आहे, १९१६ सालचं, इथे लंडनलाच छापलेलं, मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर, रसेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं आणि रायबहादूर हिरालाल यांनी केलेलं. तेव्हा मध्य प्रांताची राजधानी नागपूर, म्हणजे हे पुस्तक आपल्यावरच आहे. चौथ्या खंडात महारांवर प्रकरण आहे. कसं लिहिलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. पण मी फोटो बघायला गेली होती. एका फोटोखाली लिहिलंय, कडेला पोरं बांधलेल्या कुली बाया. एकाखाली, ढोल घेतलेले मांग वाजंत्री. पोळ्याला बांबूच्या पायांवर चढलेल्या पोरांचाही एक आहे. नाव कोणाचंच नाही. आणि त्याच खंडात एका पुतळ्याचा फोटो आहे, त्याच्याखाली मात्र नाव आहे, बिंबाजी भोसले. पुतळ्याला नाव आहे आणि जिवंत बाईला नाही, हे बघून मी ते पान उघडं ठेवून किती वेळ बसली मला कळलं नाही. त्या कुली बाया कोणाच्या तरी पणज्या असतील. आपल्याही असतील, कोणी सांगावं. कडेवरचं पोर नंतर जगलं का, मोठं झालं का, मिलमध्ये लागलं का. काहीच कळायला मार्ग नाही, कारण फोटो काढणाऱ्याला त्या बाया नको होत्या, जातीचा नमुना पाहिजे होता. त्याच्या आधी १८६८ ते १८७५ मध्ये इंग्रजांनी अख्ख्या हिंदुस्थानातल्या लोकांचे असे आठ खंड काढले होते, तेही तसेच.

आणि तिथे बसल्या बसल्या मला ते कॅलेंडर आठवलं.

आई, तुला आठवत असेलच. मी सातवीत होती. एक माणूस आला होता वस्तीत, गळ्यात दोन कॅमेरे, सोबत कोणत्या तरी संस्थेची एक बाई. आजी दारात बसून बिडी वळत होती, मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि जर्दा. तो म्हणाला फोटो घेतो, आजी म्हणाली थांब बाप्पा, लुगडं बदलून येते, तर तो नको नको म्हणाला, असंच बसा, हेच छान आहे. तिला खाली बघायला लावलं. हातावर लाइट नीट येत नव्हता म्हणून सूप सरकवलं. दहा मिनिटांत गेला. मग पुढच्या वर्षी कॉर्नरच्या घरातल्या काकूंनी कुठल्या तरी ऑफिसातून ते कॅलेंडर आणलं, मार्च महिन्यावर आपली आजी, केवढी मोठी, अख्खं पान भरून, एकेक सुरकुती मोजता येईल अशी, आणि खाली लिहिलं होतं बिडी कामगार, विदर्भ. तुम्ही सगळे खुश झाले होते. मीही नाचत होती. आजीनं हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, ‘हे मी नोहो.’

आम्हाला वाटलं तिला नीट दिसून नाही राहिलं. मी तिला बोट ठेवून दाखवलं की हे बघ तुझं नाक, हा तीळ. ती म्हणाली, ‘तीळ माह्या हाय, मी नोहो.’ आणि मग इतकंच, ‘लुगडं बदलू देल्लं नाही त्यानं.’

त्याच आजीला विहारातल्या त्या मोठ्या फोटोपुढे घेऊन जा, १४ ऑक्टोबर १९५६ चा, दीक्षाभूमीवरच्या गर्दीचा, त्यात तर माणसं मुंग्यांएवढी आहेत, नुसते पांढरे ठिपके. दरवर्षी तिथे ती माझं बोट धरून एका ठिपक्यावर ठेवायची आणि म्हणायची, ‘हे पाय, मी इथं हाव.’ नऊ वर्षांची होती, कामठीवरून बापाचा हात धरून पायी आली होती, पांढऱ्या फराकीत. तो ठिपका तीच आहे का हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही. पण ती त्यात आहे, आणि जिथे तिचं तोंड हातभर मोठं आहे तिथे ती नाही. हे मला सातवीत कळलं नव्हतं. खरं सांगू का, इथे येऊनसुद्धा दोन महिने कळलं नव्हतं.

इथे पहिल्याच आठवड्यात आम्हाला एक फोटो दाखवला, अमेरिकेतला, १९३६ चा, डोरोथिया लँग नावाच्या बाईनं काढलेला, जगातल्या सगळ्यात जास्त छापल्या गेलेल्या फोटोंपैकी एक असेल. बाबा, तुम्हीही बघितला असणार कुठेतरी. एक आई आहे, हात गालाला लावलेला, दोन पोरं खांद्यात तोंड लपवून, मांडीवर तान्हं. कॅलिफोर्नियात निपोमो नावाचं गाव, तिथे वाटाण्याचं पीक थंडीनं गेलं आणि तोडणीला आलेले मजूर उपाशी अडकले होते, त्यांच्या कॅम्पातला. लँग सरकारी कामावर होती, त्या मंदीच्या काळात सरकारनंच फोटोग्राफर लावले होते गावोगावचे हाल टिपायला. फोटो पेपरात आला आणि कॅम्पात सरकारी धान्य गेलं, हे खरं आहे, फोटोनं काम केलं. पण लँगनं त्या बाईचं नाव विचारलं नव्हतं. तिनं स्वतःच नंतर तसं लिहिलं. जगाला नाव कळलं १९७८ मध्ये, बेचाळीस वर्षांनी, जेव्हा त्या बाईनंच पेपरला कळवलं की ती मी. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. मूळची चेरोकी, म्हणजे तिथली आदिवासी, आणि इतकी वर्षं लोक तिला गोऱ्या शेतकऱ्याची बायको समजून राहिले होते. फोटोत ती फक्त ३२ वर्षांची आहे आई, तुझ्या-माझ्या मधली. तिचं म्हणणं होतं की या फोटोतून तिला एक पैसा मिळाला नाही आणि तो काढलाच नसता तर बरं झालं असतं. लँगच्या टिपणात होतं की त्यांनी गाडीचे टायर विकून धान्य आणलं, तर तिचा मुलगा म्हणाला आमच्याकडे विकायला टायर होतेच कुठे. म्हणजे नाव नाही ते नाहीच, वरून गोष्टही दुसऱ्याचीच.

वर्गात सगळे त्या फोटोच्या कंपोझिशनवर बोलत होते. मला बिडी कामगार, विदर्भ दिसून राहिलं होतं.

आता आजीला वाटेल पोरगी फोटोचा धंदा सोडून येते की काय. नाही. इथे काही मुलंमुली अशी आहेत जी म्हणतात गरिबांचे फोटो काढूच नये, ते शोषणच आहे. मला हे पटत नाही. ज्यांच्या घरी सगळं आहे त्यांना असं म्हणणं सोपं जातं, कारण मग कोणी बघतच नाही आणि सगळं जिथल्या तिथे राहतं. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस म्हणून एक पोलिस रिपोर्टर होता, रात्री अंधाऱ्या खोल्यांत घुसायचा, पावडरचा भडका उडवून फोटो काढायचा, झोपलेली माणसं दचकून उठायची, एकदा तर त्याच भडक्यानं घराला आग लागली. हे वागणं मला सहन होत नाही. पण १८९० मध्ये त्याचं पुस्तक आलं, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला थिओडोर रूझवेल्ट पोलिस कमिशनर असताना त्याच्यासोबत रात्री फिरला, आणि बेघरांना कोंबायच्या पोलिस ठाण्यातल्या त्या घाणेरड्या खोल्या बंद झाल्या. मग काय म्हणायचं? मला अजून नीट ठरवता येत नाही.

पण ज्याच्यावर माझा जीव जडला तो लुईस हाइन. शाळामास्तर होता. १९०८ पासून तो बालमजुरीविरुद्धच्या कमिटीसाठी अमेरिकाभर फिरला, सूतगिरण्या, खाणी, काचेचे कारखाने. मालक आत घेत नव्हते तर कधी आगीचा इन्स्पेक्टर बनून जायचा, कधी बायबल विकणारा. कोटाच्या कोणत्या बटणापर्यंत पोराचं डोकं येतं त्यावरून उंची मोजायचा, कारण मालक वय खोटं सांगायचे. आणि खिशात हात घालून आतल्या आत कागदावर लिहायचा, पोराचं नाव, वय, किती वर्षांपासून कामाला, मजुरी किती. नाव लिहायचा बाबा! मशीनमध्ये बोट गेलं असेल तर तेही लिहायचा. सूतगिरणीतली एवढीशी पोरगी मशीनपुढे उभी आहे, सरळ कॅमेऱ्यात बघते, तिला खाली बघ म्हणून कोणी सांगितलं नाही. त्यानं कामाच्या पोरांना बिचारं केलं नाही, पुरावा केला. कायदा व्हायला मात्र किती वेळ लागला, १९१६ मध्ये झाला, १९१८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं रद्द केला, परत होता होता १९३८ उजाडलं, आणि दोनच वर्षांनी हाइन गेला, फार गरिबीत. त्याचे पाच हजारांवर फोटो अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, ऑनलाइन फुकट बघता येतात, दादाला सांगा लावून द्यायला. बाबा, सूतगिरण्यांचे बघाच. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये लागले तेव्हा किती वर्षांचे होते, तुम्ही एकदा तेरा म्हटलं होतं आणि एकदा सोळा. ते खरं काय आहे मला लिहून पाठवा. आजोबांचा एकच फोटो आहे आपल्याकडे, मिलच्या पासवरचा, त्यावर शिक्का बरोबर तोंडावर बसलाय.

एम्प्रेस मिल १८७७ ची ना. त्याच वर्षी इथे लंडनमध्ये जॉन थॉमसननं रस्त्यावरच्या लोकांचे फोटो छापले होते. त्यातली एक बाई पायरीवर बसली आहे, मांडीवर पोर, पण पोर तिचं नाही, कामाला गेलेल्या बाईचं आहे, ती दिवसभर सांभाळते आणि बदल्यात चहा नि ब्रेडचा तुकडा मिळतो. हे त्या पुस्तकात लिहिलंय म्हणून कळतं. नाहीतर सगळ्यांनी तिलाच आई समजून हळहळ केली असती.

आता एक गोष्ट जी मी तुम्हाला कधी सांगितली नाही. सेकंड इयरला असताना मला इंटरकॉलेजमध्ये फोटोचं पहिलं बक्षीस मिळालं होतं, पेढे वाटले होते बाबांनी. तो फोटो मोरभवन बसस्टँडचा होता. फुटपाथवर एक माणूस झोपलेला, हाताची उशी, पायाशी चपला नीट ठेवलेल्या. मी वाकून काढला आणि निघून आली. त्याला उठवलं नाही, नंतरही परत गेली नाही. फोटोला मी नाव दिलं ‘भूक’. दुपारचे दोन वाजले होते आई. तो जेवून झोपला असेल. गाडीला वेळ होता म्हणून आडवा झाला असेल, मुलीच्या घरी चालला असेल. मी त्याला उपाशी करून टाकलं आणि त्याचे पाच हजार घेऊन बॅग घेतली, तीच बॅग घेऊन इथे आली आहे. कॅलेंडरवाल्यानं आजीचं जे केलं तेच मी त्या माणसाचं केलं, आणि तेही त्याच आजीच्या घरात वाढून. त्याला शोधता येणार नाही आता. हे लिहितानाही हात जड होऊन राहिला.

माझ्या मनातलं मॅडमना सांगायला मला दोन माणसांनी मदत केली, दोघंही आता नाहीत. एक निक हेजेस. १९६८ ते १९७२ मध्ये त्यानं शेल्टर नावाच्या संस्थेसाठी इथल्या गळक्या, ओल आलेल्या घरांतल्या कुटुंबांचे फोटो काढले. या देशात अशी घरं होती यावर आजीचा विश्वास बसणार नाही, एका खोलीत सगळं कुटुंब, भिंतीवर बुरशी, पोरं कोट घालून झोपलेली. संस्थेनं ते फोटो तेव्हा प्रचारात वापरले, पण बाकी वापरावर त्यानं चाळीस वर्षं बंदी घातली, की त्या लोकांना, त्यांच्या पोरांना शाळेत, कामावर कोणी ओळखून हिणवू नये. चाळीस वर्षं! मोठं प्रदर्शन भरलं ते थेट २०१४ मध्ये. मी विचार केला की तो कॅलेंडरवाला आजीसाठी चार मिनिटं थांबला नाही, लुगडं बदलायला लागतात तेवढी.

दुसरी टिश मर्था. जन्म १९५६ चा, आपल्या दीक्षेच्या वर्षाचा. न्यूकॅसलची, गरीब वस्तीतली, आणि तिनं फोटो काढले ते तिच्याच वस्तीतल्या बेकार पोरांचे, त्यात तिचे सख्खे भाऊ-बहिणी आहेत. तिच्या फोटोत कोणी बिचारं दिसतच नाही. पोरं तुटक्या गादीवर उड्या मारतात, हसतात, चिडतात, कंटाळून बसतात. घरच्या माणसाकडे जसं बघतात तसं बघितलंय तिनं. तिचं ते काम पुस्तक होऊन आलं २०१७ मध्ये, ती गेल्यावर चार वर्षांनी, तिच्या मुलीनं काढलं.

आपल्याकडेही आहेत ना. सुधारक ओलवे सरांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, गटारात उतरलेले, कचऱ्यात उभे आणि मग घरी बायकापोरांसोबत बसलेले, एका दिवसात जाऊन केलेलं काम नाही ते, वर्षं घातली. २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली त्यांना. तामिळनाडूचा पलनी कुमार, त्याची आई मासे विकायची, तो मैला साफ करणाऱ्यांचे फोटो काढतो, गटारात जीव गेलेल्यांच्या घरी जातो. पी. साईनाथांच्या पारी या वेबसाइटवर त्याचं काम आहे, मराठीतही वाचता येतं. पारीवरचे फोटो बघ आई, खाली नाव असतं, गाव असतं. मैला उचलायला लावणं १९९३ पासून कायद्यानं बंद आहे, २०१३ मध्ये अजून कडक कायदा झाला, आणि माणसं अजूनही गटारात गुदमरून मरतात, म्हणून तर हे फोटो लागतात. मी हे सगळं मॅडमना दाखवलं. त्यांनी पलनी कुमारचं नाव लिहून घेतलं.

तर मी भांडेवाडी करणार नाही. निदान आत्ता नाही, त्या बाईशी बोलल्याशिवाय तर नाहीच. मला आपल्या गल्लीतल्या बिडीवाल्या करायच्या आहेत. आता पाच-सहाच राहिल्या असतील ना, आजी, शेजारच्या मावशी, विहारामागच्या दोघी, कॉर्नरच्या काकूंची सासू. मॅडमना थोडं साधं वाटलं, म्हणाल्या बिडीचं काम बरेच जण करून गेलेत. गेलेत ना, मी म्हटलं, त्यातलाच एक आमच्या दारात येऊन गेला.

कसं करायचं तेही ठरवलंय. प्रत्येकीनं ठरवायचं कुठे बसायचं, काय नेसायचं, बिडी हातात पाहिजे का नको. कोणाला नातवाच्या गाडीवर बसून पाहिजे तर तसा. दुपारी दारातून येतो तो उजेड पुरे, फ्लॅश मी आणणारच नाही. काढलेले सगळे फोटो त्यांना दाखवणार, मोबाइलवर नाही, छोटे प्रिंट काढून हातात देणार, आणि नको ते त्यांनी बाजूला काढायचे. आजीला हे असं सांग, की बिडी घेणारा सट्टेदार जशी तुझ्या बिडीची छाट करायचा तशी तू माझ्या फोटोची छाट कर. हजार बिडीत पन्नास-शंभर बाजूला फेकायचा, पैसे द्यायचा नाही आणि बिडी मात्र ठेवून घ्यायचा, रडायची ती घरी येऊन, मला आठवते. माझी छाट ती करेल, आणि छाट केलेले तिच्यापुढेच फाडायचे.

परवानगीचा कागद कॉलेजचा इंग्रजीत आहे, तो मी मराठीत करून राहिली, अगदी बोलल्यासारखा, वाचून दाखवता येईल असा. पुढे कधीही कोणी म्हणालं काढून टाक तर काढून टाकणार, हेही त्यात लिहिलंय. पैशाचं म्हणाल तर इथे शिकवतात की फोटोसाठी पैसे देऊ नये, लोक खोटं वागतात. पण बाई दोन तास माझ्यापुढे बसली तर दोन तासांची बिडी बुडते, ती कोण भरणार? थॉम्पसन बाईचं तेच दुःख होतं. तेव्हा जेवढी मजुरी बुडेल तेवढी मी देणार आणि दिली असं प्रोजेक्टमध्ये उघड लिहिणार, मार्क गेले तर जाऊ दे.

आता कामं.

आई, ते कॅलेंडर शोध. फेकलं नाहीये, मला पक्कं माहीत आहे, कारण आजीनं मार्चचं पान उलटं करून ठेवलं होतं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तू पेनानं बिडीचा हिशेब लिहायची, कोणाचे किती कट्टे, किती छाट, किती पैसे बाकी. हिरव्या पेटीत असेल, शाळेच्या कागदांखाली. मला दोन्ही बाजू पाहिजेत, मागची तर पाहिजेच, त्यावर आजीचं नाव आहे ना तुझ्या अक्षरात, शेजारच्या मावशींचंही आहे. घडी असेल तर जोर लावून उघडू नको, चिकटलं असेल तर तसंच राहू दे. खिडकीजवळ ठेवून मोबाइलनं सरळ वरून काढ.

तसंच आजीचं बिडी कार्ड, कामगार खात्याचं, ज्याच्यावर तुला शाळेत स्कॉलरशिप मिळाली. त्यावरच्या फोटोत आजी सरळ बघते, डोक्यावर पदर, खाली नाव, बापाचं नाव नाही, नवऱ्याचं आहे. ते कार्ड मिळायला तिनं दोन वर्षं चकरा मारल्या होत्या असं तू सांगायची. ती चकरांची गोष्ट तिला परत विचार आणि रेकॉर्ड कर, पण रेकॉर्ड करून राहिली हे तिला आधी सांग.

बाबा, तुम्ही विहारात विचारा की कोणाकडे जुने फोटो आहेत का, लग्नाचे, दीक्षाभूमीवरचे, तिथे स्तूपापुढे उभं करून काढून देतात ते सुद्धा. मागे नावं लिहायची तर पेन्सिलनं लिहा, बॉलपेन उमटतो पुढच्या बाजूला. नाव लिहिताना नुसतं आडनाव नको. बायांचं त्यांचं स्वतःचं नाव लिहा, अमक्याची आई, तमक्याची बायको असं नको.

मागच्या आठवड्यात मी बाबासाहेबांच्या घरी गेली होती, किंग हेन्रीज रोडवर, १९२१-२२ मध्ये राहायचे ते. लहान खोल्या आहेत. भिंतीवर फोटो बघत उभी होती तर तिथे आलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं कुठल्या, मी म्हटलं नागपूर, तर त्यांनी हात जोडले, नुसत्या नागपूर या शब्दाला. आजीला हे नक्की सांग.

माझं तिकीट १९ डिसेंबरचं आहे, मुंबईवरून विदर्भ एक्सप्रेसनं २१ ला सकाळी पोचते. तोपर्यंत आजीला विचारून ठेव. आधी फक्त एवढं विचार की मी फोटो काढू का. का, कशासाठी, लंडनला कोण बघणार हे तिनं विचारलं तर सांग, एका खोलीत भिंतीवर लागणार आहेत, अनोळखी लोक बघतील, खाली तिचं नाव असेल. ती नाही म्हणाली तर मनवू नका, दादालाही सांगा, नातीसाठी एवढं कर असं कोणीही म्हणायचं नाही. नाही तर नाही. ती जे बोलेल ते तिच्याच शब्दात मला लिहून पाठव.

आणि हो म्हणाली तर लुगडं कोणतं नेसायचं ते तिला ठरवू दे, तू सुचवू नको. तिला वेळ लागेल, मी थांबेन.

तुमची,
छकुली